पायी चालणाऱ्याला गाडीची धडक बसली, तर चालकाचं पुढे काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचा धाकटा भाऊ, वय २४, रात्री साडेआठच्या सुमारास सेकंडहँड कारने घरी येत होता. रस्ता ओलांडणाऱ्या बासष्ट वर्षांच्या एका गृहस्थांना गाडीची धडक बसली. भावाने त्यांना रिक्षात घालून रुग्णालयात नेलं आणि तिथूनच पोलिसांना फोन केला. चार दिवसांनी ते गृहस्थ वारले. गाडीचं आरसी बुक अजून आधीच्या मालकाच्याच नावावर आहे. भावाला किती शिक्षा होईल, गाडी कधी सुटेल, आणि नातेवाईक म्हणतात तसं त्यांच्या घरच्यांना पैसे देऊन हे मिटवता येईल का?

मी बावीस वर्षं अपघाताच्या केसेस चालवतो आहे. कधी चालकाकडून उभा राहतो, कधी गेलेल्या माणसाच्या बायकोमुलांकडून. त्यामुळे दोन्ही घरांतली स्थिती मी जवळून पाहिली आहे, आणि उत्तरही दोन्ही घरं डोळ्यांपुढे ठेवूनच देतो.

आधी भावाने केलेल्या एका गोष्टीबद्दल बोलतो. तो थांबला, त्याने त्यांना उचललं आणि दवाखान्यात नेलं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, पोलिसांनी विचारलेली माहिती द्यायची, पोलीस जागेवर नसतील तर लवकरात लवकर, आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात जाऊन कळवायचं, शिवाय विमा कंपनीलाही कळवायचं. जमाव अंगावर धावून आला तर तिथे थांबून मार खायला कायदा सांगत नाही, कलमातच ती सवलत दिलेली आहे. पण मग तिथून निघून सरळ पोलीस ठाणं गाठायचं, घर नाही. हे कर्तव्य मोडलं तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड वेगळा लागतो.

खूप जणांना वाटतं, पोलिसांकडे स्वतःहून गेलं म्हणजे गुन्हा कबूल केला. तसं अजिबात नाही. अपघात झाल्याचं कळवणं वेगळं आणि माझी चूक होती असं म्हणणं वेगळं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तसाही आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वाचता येत नाही. मात्र तुम्ही थांबलात की पळालात, हे जामिनाच्या वेळी, शिक्षेच्या वेळी आणि भरपाईच्या दाव्यातही प्रत्येक न्यायाधीश बघतोच. तुमच्या भावाच्या केसमध्ये माझ्या मते सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच आहे. त्या रिक्षावाल्याचं नाव-नंबर आणि रुग्णालयाच्या एमएलसी (पोलीस प्रकरण असलेल्या रुग्णाच्या) नोंदीत ‘कोणी दाखल केलं’ या रकान्यात भावाचं नाव आहे का, हे आजच बघून घ्या. सहा महिन्यांनी रिक्षावाला सापडत नाही.

या एका धडकेतून दोन वेगळ्या केसेस उभ्या राहतात. एक फौजदारी, सरकार विरुद्ध तुमचा भाऊ. दुसरी नुकसानभरपाईची, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, ज्याला कोर्टात सगळे ‘एमएसीटी’ म्हणतात. दोन्हींची कोर्टं वेगळी, पुराव्याचं माप वेगळं आणि शेवटही वेगळा. पहिल्यात निर्दोष सुटलात म्हणून दुसरीतून सुटत नाही, आणि दुसरीत पैसे भरले म्हणून पहिली बंद होत नाही. नातेवाइकांचे बहुतेक सल्ले या दोन्हींची सरमिसळ करून दिलेले असतात, म्हणून हे नीट डोक्यात ठेवा.

फौजदारी बाजू आधी घेऊ. अपघाताच्या रात्री गुन्हा नोंदला गेला असेल तेव्हा ते गृहस्थ जिवंत होते. म्हणजे एफआयआरमध्ये बहुधा भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं), कलम १२५ (दुसऱ्याच्या जिवाला धोका, त्यातच साधी आणि गंभीर दुखापत) आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ असेल. ते वारल्यावर पोलीस कोर्टाला रिपोर्ट देऊन कलम १०६(१) वाढवतात. हे नियमाप्रमाणेच होतं, त्यात कोणी तुमच्यावर डूख धरून काही केलेलं नसतं. ‘कलम वाढलं’ हे ऐकून घरातली माणसं हादरतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

१०६(१) म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणं. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच ३०४-अ होतं, आणि त्यात कमाल दोन वर्षं कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि कमाल शिक्षा पाच वर्षं झाली. वर्तमानपत्रांत फक्त हे पाच वर्षांचं छापून आलं. त्याहून मोठा बदल एका शब्दाचा आहे. जुन्या कलमात ‘किंवा दंड’ होतं, म्हणजे दोषी ठरवूनही न्यायाधीश नुसता दंड करून सोडू शकत होते. नव्या कलमात कैद ‘आणि’ दंड आहे. कैद किती दिवसांची असावी याची किमान मर्यादा नाही, त्यामुळे न्यायाधीशांच्या हातात मोकळीक उरते, पण नुसता दंड भरून सुटण्याची जुनी वाट बंद झाली. ओळखीतला कोणी ‘माझ्या मेव्हण्याला दहा हजार दंड झाला आणि सुटला’ असं सांगत असेल, तर ती केस जुन्या कायद्याखालची होती हे लक्षात घ्या.

हा गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्र आहे. म्हणजे अटक झाली तरी जामीन हा भावाचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. केस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते. त्यांना स्वतःला तीन वर्षांपर्यंतच कैद देता येते, त्याहून जास्त शिक्षा योग्य वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. आत्ताच्या घडीला भावाच्या बाबतीत मला तुरुंगापेक्षा लांबलचक तारखांची काळजी जास्त वाटते. या केसेस वर्षानुवर्षं चालतात, आणि तारखेला गैरहजर राहून वॉरंट काढून घेणारे चालक मी खूप पाहिले आहेत. तेवढं टाळा.

आता शिक्षा होईल का? मृत्यू झाला म्हणून आपोआप शिक्षा होत नाही. सरकारी पक्षाला दोन गोष्टी संशयापलीकडे सिद्ध कराव्या लागतात: गाडी बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणाने चालवली, आणि त्याचाच थेट परिणाम म्हणून मृत्यू झाला. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साक्षीदार नुसतं ‘गाडी भरधाव होती’ म्हणाला तर भागत नाही. भरधाव म्हणजे किती, रस्ता कसा होता, वर्दळ किती होती, हे पुराव्यात यावं लागतं. हायवेवर सत्तर हा वेग काहीच नसेल, शाळेसमोर चाळीसही बेदरकारपणा ठरेल.

म्हणूनच या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचा कागद असतो तो घटनास्थळाचा पंचनामा. साधारण दीड-दोन पानांचा, घाईत लिहिलेला, पंच म्हणून शेजारच्या टपरीवरचे दोघे. त्यात रस्त्याची रुंदी, दुभाजक आहे की नाही, दिव्याचा खांब किती अंतरावर आणि चालू होता का, टायर घासल्याच्या खुणा किती फूट, काचा आणि रक्त नेमकं कुठे पडलं, झेब्रा पट्टे तिथून किती दूर, हे सगळं असतं किंवा असायला हवं. एका केसमध्ये मी टेम्पोचालकाकडून उभा होतो. त्याचं म्हणणं, गाडी वीसच्या आतच होती. पंचनाम्यात एक ओळ होती: एक चप्पल झेब्रा पट्ट्यांवर, दुसरी एकतीस फुटांवर, ब्रेकच्या खुणा नाहीत. मॅजिस्ट्रेटनी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी उलटतपासणी कितीही रंगवली असती तरी ती चप्पल तिथून हलणार नव्हती. वीसच्या वेगातली धडक चप्पल एकतीस फूट नेत नाही, आणि ब्रेकची खूण नाही याचा अर्थ चालकाला माणूस दिसलाच नव्हता. तेव्हा तो कुठे बघत होता?

तुमच्या भावाला हाच प्रश्न विचारा, घरात, दार लावून, खरं उत्तर मिळेपर्यंत. फोन हातात होता का? समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटने डोळे दिपले होते का? ते गृहस्थ उभ्या बसच्या पुढून अचानक आले का? वकिलाला अर्धवट सांगू नका. कॉल रेकॉर्ड पोलिसांना मागवता येतं, आणि दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण बहुतेक ठिकाणी काही दिवसांतच पुसलं जातं. ते तुमच्या बाजूचं असेल असं वाटत असेल तर ते जतन करण्याची मागणी तपास अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासून ब्रेकबद्दल काय लिहिलं आहे, त्याचीही प्रत मिळवा.

पायी चालणाऱ्याची चूक असेल तर? ‘तेच मध्ये आले’ हे वाक्य मी रोज ऐकतो. फौजदारी केसमध्ये ते अचानक आले आणि चालकाला टाळणं शक्यच नव्हतं हे दिसलं, तर संशयाचा फायदा मिळू शकतो. पण वर्दळीच्या ठिकाणी माणूस रस्ता ओलांडणार हे चालकाने गृहीत धरूनच गाडी चालवायची असते. झेब्रा पट्ट्यांवर तर पहिला हक्क चालणाऱ्याचाच, तिथे गाडीने हळू व्हायचं आणि गरज पडली तर थांबायचं, हे वाहतुकीच्या नियमांतच आहे. आपल्या रस्त्यांवर फुटपाथ एकतर नाही किंवा त्यावर दुचाक्या लावलेल्या. चालणारा माणूस डांबरावर येतो तो हौसेने येत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

हे प्रकरण १०६ च्या पलीकडे कधी जातं, तेही सांगतो, कारण कोणीतरी तुम्हाला ‘सदोष मनुष्यवधा’ची भीती घातली असेल. न्याय संहितेचं कलम १०५ (जुनं ३०४) तेव्हा लागतं, जेव्हा आपल्या कृतीने कोणाचा तरी जीव जाऊ शकतो याची चालकाला जाणीव होती आणि तरीही त्याने ती केली. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे दारूच्या अमलाखालच्या चालकाची कार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, सात जण गेले, आठ जखमी झाले. उच्च न्यायालयाने त्यात सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या निकालापासून दारू पिऊन माणसं मारणाऱ्याला ‘हा निव्वळ अपघात’ म्हणणं अवघड झालं. १०५ अजामीनपात्र आहे, सत्र न्यायालयात चालतं, आणि नुसती जाणीव सिद्ध झाली तरी दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या भावाची त्या रात्री रक्ततपासणी झाली असेल आणि ती शून्य आली असेल, तर तो अहवाल जपून ठेवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, मग गाडी कितीही सरळ चालवलेली असो.

आणि ते व्हॉट्सॲपवर फिरणारं ‘दहा वर्षं आणि सात लाख दंड’? अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यासाठी १०६(२) असं पोटकलम लिहिलं गेलं, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे. सात लाखांचा आकडा कलमात कुठेच नाही, तिथे नुसतं ‘दंड’ लिहिलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी याच्याविरुद्ध देशभर संप केला, आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम त्यातून वगळून ठेवलं गेलं. तुमचा भाऊ पळालाच नाही, तेव्हा त्याला याच्याशी देणंघेणं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, पैसे देऊन मिटवता येईल का. नाही. १०६ हा आपसात मिटवण्याजोगा गुन्हा नाही. दुखापतीचं कलम १२५ कोर्टाच्या परवानगीने मिटू शकतं, मृत्यूचं नाही. गेलेल्या माणसाच्या वतीने कोणी माफ करू शकत नाही, हा त्यामागचा विचार आहे, आणि मला तो पटतो. घरच्यांनी ‘आमची तक्रार नाही’ असं लिहून दिलं तरी केस सरकारची आहे, ती चालूच राहते. गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येतं, पण मृत्यूच्या प्रकरणात नुसत्या तडजोडीवर न्यायालयं सहसा तयार होत नाहीत. दोषी ठरल्यावर चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सुटण्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दलबीर सिंग प्रकरणात बजावलं आहे की बेदरकार चालवून जीव घेणाऱ्याला ही सवलत सहजी देऊ नये. साक्षीदाराला पैसे देऊन फितवायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला घरात घेऊ नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे.

तसाच दुसरा सल्ला म्हणजे चालक बदलायचा. तुमच्या प्रश्नात हे नाही, तरी लिहितो, कारण अशा वेळी घरात कोणीतरी हे सुचवतंच. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबात पुतण्याकडे लायसन्स नव्हतं. त्याने एका बाईंना उडवलं आणि घरच्यांनी काकांना ठाण्यात उभं केलं, ‘गाडी मीच चालवत होतो’ म्हणून. विमा कंपनीच्या तपासनिसाने काकांच्या कारखान्याची हजेरी मागवली. अपघाताच्या वेळेच्या वीस मिनिटं आधी काकांच्या अंगठ्याची नोंद होती, सेकंड शिफ्टला, चौदा किलोमीटरवर. मग काका आणि पुतण्या दोघेही आरोपी झाले, खोटी माहिती देऊन गुन्हेगाराला वाचवल्याचं कलम लागलं, आणि भरपाईची रक्कम शेवटी मालक असलेल्या वडिलांकडून वसूल करण्याचा आदेश झाला. त्यांनी शेत विकलं. खरं सांगितलं असतं तर पुतण्यावर विनालायसन्स चालवण्याचं आणि मृत्यूचं कलम लागलं असतं, पण काका तरी वाचले असते.

अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

आता भरपाई. इथे ‘संशयापलीकडे’ नाही, कोणाची बाजू जास्त संभवनीय वाटते एवढंच बघतात. दावा चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांविरुद्ध असतो. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. भावाला आणि मालकाला त्यासाठी फॉर्म भरून द्यावे लागतील, ते टाळू नका.

रक्कम ठरते कशी? सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांनी हिशेब जवळपास ठरवून दिला आहे. समजा ते गृहस्थ शिवणकाम करून महिना बारा हजार मिळवत होते, मागे पत्नी आणि अपंग मुलगा आहे. वर्षाचं उत्पन्न एक लाख चव्वेचाळीस हजार. ते स्वतःवर खर्च करत असतील म्हणून एक तृतीयांश वजा, राहिले शहाण्णव हजार. याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; ६१ ते ६५ वयाला गुणक सात, म्हणजे सहा लाख बाहत्तर हजार. वर अंत्यविधी, वारसा आणि सहवास गमावल्याच्या ठरावीक रकमा, ज्या मुळात १५, १५ आणि ४० हजार होत्या आणि दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी वाढतात. चार दिवसांचा दवाखान्याचा खर्च आणि दावा दाखल केल्यापासूनचं व्याज वेगळं. तेच अडतीस वर्षांचा, महिना पंधरा हजार कमावणारा, चार जणांना पोसणारा माणूस असता, तर भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के धरून, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून आणि गुणक पंधरा लावून आकडा अठ्ठावीस लाख पस्तीस हजारांवर जातो. गृहिणी गेली तर ‘त्या काही कमवत नव्हत्या’ हा बचाव चालत नाही. घर चालवणं हे काम आहे आणि त्याची किंमत धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती प्रकरणात पुन्हा ठासून सांगितलं आहे. चालणाऱ्याचीही काही चूक ठरली तर तेवढे टक्के रकमेतून कापले जातात.

हे पैसे विमा कंपनीने भरायचे असतात, थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) चालू असेल तर. आज पहिलं काम म्हणून पॉलिसीच्या तारखा बघा. गाडी विकली गेली तरी चालू थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे जातो असं कायदा मानतो, म्हणून आरसी जुन्या नावावर आहे एवढ्यावरून कंपनी त्या कुटुंबाला पैसे नाकारू शकत नाही. लायसन्सबाबत दोष निघाला तर मात्र न्यायाधिकरण कंपनीला आधी रक्कम भरायला लावून नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. आणि विमाच नसेल तर सगळा भार मालक आणि चालकावर.

इथे मालक कोण, हा तुमच्या प्रकरणातला अवघड भाग. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे ज्या माणसाने तुम्हाला गाडी विकली, त्याला नोटीस येणार. त्याला ती पोस्टमनकडून कळण्याआधी तुम्ही फोन करून सांगा. गाडी सोडवायलाही तोच लागेल: आरटीओची तपासणी झाल्यावर कोर्टात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करून गाडी सुपूर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करू, या लेखी हमीवर) सुटते, आणि कोर्ट अर्जदाराचं नाव आरसीवर शोधतं. त्याची सही आणि प्रतिज्ञापत्र नसेल तर गाडी ठाण्याच्या आवारात पावसात सडत राहील. गाडी विकणाऱ्यांनीही हे वाचावं. ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या करून देणं म्हणजे आरसीवरून नाव कमी होणं नव्हे.

लायसन्स आरटीओ निलंबित करू शकतो, आणि दोषी ठरल्यास कोर्ट अपात्र ठरवू शकतं. भाऊ स्पर्धा परीक्षांची तयारी करत असेल तर चारित्र्य पडताळणीच्या अर्जात ही केस लपवू नका, लपवल्यामुळे गेलेल्या नोकऱ्या मी पाहिल्या आहेत. केस कोर्टात असताना पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते.

त्या कुटुंबाला त्यांचे हक्क माहीत आहेत का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी उत्तर देतो. दावा दाखल करायला कायद्याने अपघातापासून सहा महिने दिले आहेत. या मुदतीविरुद्ध याचिका झाल्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणी थांबू नये. दावा ते स्वतः राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही करू शकतात. चूक कोणाची हे न बघता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळण्याची मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ ची वाट आहे. धडक देणारी गाडी सापडलीच नसती तरीही सरकारच्या योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळाले असते. आणि मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना आहे.

मग त्यांना भेटायला जायचं का? माझ्यापुढे बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आरोपीची आई हे विचारते. जा. भावाला पहिल्या दिवशी नेऊ नका, तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस आणि दोन्हीकडच्या ओळखीचं कोणीतरी जा. कागद, पेन, स्टॅम्पपेपर काहीही सोबत नको. ‘चूक कोणाची’ हा विषय काढू नका. अंत्यविधीसाठी किंवा दवाखान्याच्या बिलासाठी काही द्यायची इच्छा असेल तर चेकने किंवा ऑनलाइन द्या, म्हणजे नोंद राहते, आणि त्या बदल्यात कसलीही सही मागू नका. विमा पॉलिसीची झेरॉक्स आणि एफआयआरचा नंबर मात्र घेऊन जा आणि त्यांच्या हातात द्या. दावा लावताना त्यांना याच दोन गोष्टींसाठी ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतात. मागे एका चालकाच्या वडिलांनी हे केलं होतं. त्या घरातल्या सुनेने तो कागद घेतला, घडी घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला, आणि त्यांना बसायला सांगितलं.